दोन हजार लिटर फरार

"लिही," भगीरथ वेखंडे खिडकीकडे तोंड करून म्हणाला. "तानसाच्या पाण्यापासून कसाऱ्याच्या घाटापर्यंत आणि शहापूरच्या बाजारापासून मुरबाडच्या नाक्यापर्यंत, ज्याच्या समोरून जाताना मुंगीसुद्धा चेहरा झाकून घेते, असा एकच माणूस आहे. त्याची बुद्धी ब्लेडसारखी, नजर घारीसारखी आणि स्मरणशक्ती..."

तो थांबला.

"स्मरणशक्ती कशासारखी, सर?" योगिनीने विचारलं.

"काल सांगितलं होतं मी. काय होतं गं ते?"

"हत्तीसारखी."

"हां. हत्तीसारखी. हे अहवालाच्या अगदी वर घाल."

"सर, कंपनीच्या फॉर्मात याला रकाना नाहीये. पहिला रकाना नुकसानीच्या तारखेचा आहे."

"मग तारखेच्या आधी घाल. तारीख कुठे पळून जात नाही."

योगिनीने घातलं. शहापूरला एसटी स्टँडच्या मागे, पत्र्याच्या दुकानाच्या माडीवर असलेल्या या ऑफिसात ती आठ महिन्यांपूर्वी कामाला लागली, तेव्हा जाहिरातीत 'कॉम्प्युटर ऑपरेटर पाहिजे' असं होतं. कॉम्प्युटर आला की तो ऑपरेट करायची तिची पूर्ण तयारी होती. तोवर ती हाताने लिहायची. खाली पाटीवर 'विमा सल्लागार' असं ठळक होतं आणि त्याच्याखाली मागाहून रंगवून घेतलेलं 'व गुप्तहेर'. गुप्तहेराने पाटी कशाला लावायची, असं तिने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यावर भगीरथ म्हणाला होता की पाटी नसेल तर लोकांना कळणार कसं की इथे कोणीतरी गुप्त आहे.

हे सगळं चालू असताना धाऊ प्लंबर बाकावर बसून होता. मांडीवर पान्यांची पिशवी, आणि चेहरा बोर्डाच्या निकालाला आलेल्या मुलासारखा.

धाऊ हा भगीरथचा एकमेव 'कारागीर कवच'वाला होता. कारागीर कवच म्हणजे हातावर धंदा करणाऱ्यांची विमा पॉलिसी. प्लंबर, सुतार, रंगारी, वेल्डर, कुणीही. तुम्ही एखाद्याच्या घरी कामाला गेलात आणि तुमच्या कामामुळे त्याचं नुकसान झालं, तर भरपाई कंपनी देणार. गोष्ट चांगली होती आणि भगीरथने ती सगळ्या बाजारपेठेला सांगून पाहिली होती. सुताराने, वेल्डरने, रंगाऱ्याने आणि मिक्सर दुरुस्त करणाऱ्याने त्याला एकच उत्तर दिलं: आधी धाऊला काय मिळतं ते बघू, मग आमचं बघू.

धाऊला काही मिळायचं तर धाऊच्या हातून काहीतरी बिघडायला हवं होतं, आणि घोडं तिथेच अडलं होतं. धाऊच्या हातून काही बिघडतच नव्हतं. चौदा महिने झाले. रस्त्यात भेटला की भगीरथ त्याला "काय रे, कुठे काही फुटलं-बिटलं?" असं इतक्या आशेने विचारायचा की धाऊला स्वतःच्याच कामाची लाज वाटायला लागली होती.

आणि आता, होळी होऊन आठवडा झाला असताना, ती शुभ घडी आली होती.

किन्हवलीच्या पुढे मुरबाड रोडला, टेंभुर्लीपाड्याजवळ, बंगल्यांचे बारा प्लॉट पडले होते. पहिला बंगला डोंबिवलीच्या अनिता मॅडमचा उभा राहिला. नळाचं सगळं काम धाऊने केलं. मॅडम शनिवारी येत, रविवारी संध्याकाळी गच्चीवरची दोन हजार लिटरची टाकी काठोकाठ भरून जात. पुढच्या शनिवारी याव्यात तर टाकी ठणठणीत कोरडी. असं सलग तीन आठवडे. टाकीतूनच थेंब थेंब पाणी जाऊन जगायची सोय केलेलं त्यांचं परदेशी गवत वाळून पापड झालं होतं. त्याची भरपाई त्यांनी मागितली होती.

"गवत गेलं तर गेलं," धाऊ म्हणाला. "पण येत्या रविवारी त्यांची मीटिंग हाय. बाकीच्या अकरा बंगल्यांचं काम कुणाला द्यायचं ते ठरणार. अनिता मॅडमच सेक्रेटरी. त्या बोलल्या, पाणी कुठं गेलं ते सांग, नायतर ठाण्याचा माणूस बघते. सर, ते काम गेलं तर मला परत कल्याणला ठेकेदाराच्या हाताखाली जावं लागंल."

"चिंता सोड," भगीरथ म्हणाला. "तू फक्त एवढंच म्हण की एक जोड ढिला राहिला."

"पण नाय राहिला."

"राहिला असं म्हणायला काय जातं? भरपाई कंपनी देणार. तुझ्या खिशाला झळ नाही."

"आणि नाव?"

"नावाचा विमा वेगळा असतो. तो अजून निघालेला नाही."

"मी सगळी लायन उघडून बघितली, सर. मंगळवारी पाच बादल्या टाकीत ओतून सकाळपासून सांजपर्यंत बसून राहिलो. एक थेंब नाय गळला. बुधवारी सकाळी गेलो तर टाकी कोरडी."

भगीरथने हे ऐकलं आणि डोळे मिटले. योगिनीला ही खूण माहीत होती. आता बराच वेळ काहीही उपयोगाचं घडणार नव्हतं.

"म्हणजे पाणी रात्री जातं," तो डोळे मिटूनच म्हणाला. "याचा अर्थ, योगिनी?"

"रात्री काहीतरी होतं."

"चूक. याचा अर्थ पाणी दिवसा जात नाही. गुप्तहेराने नेहमी उलट्या बाजूने विचार करायचा."

शुक्रवारी सकाळी ते निघाले. पुढे भगीरथची स्कूटर, मागे योगिनी, तिच्या मांडीवर तपासाची पिशवी. पिशवीत भिंग, खडू, खाकी चिकटपट्टीची चार रिळं आणि डॉक्टरचा स्टेथोस्कोप होता. स्टेथोस्कोप कशाला, असं तिने विचारलं नाही. कळणारच होतं. धाऊ आपल्या मोटारसायकलवरून मागून येत होता आणि प्रत्येक वळणावर भगीरथ त्याला हाताने "अंतर ठेव, कोणी पाठलाग करतंय असं वाटायला नको" अशा खुणा करत होता. त्या खुणा गुरं हाकणाऱ्या दोन माणसांनी आपल्यासाठीच्या समजून गुरं रस्त्याच्या खाली घेतली.

बंगला सुंदर होता. पुढे वाळलेलं गवत. मागे धुणीभांड्याची उघडी मोरी, तिथे एक नळ, नळाच्या कठड्यावर पालथा घातलेला हंडा. मोरीच्या पलीकडे काकडीचा वेल असा माजला होता की त्याने कुंपण गिळून पलीकडच्या प्लॉटमध्ये पाय टाकला होता. वेलाजवळ एक बाई खुरपं घेऊन बसली होती. पाड्यावरची बाईजा. आठवडाभर बंगल्याची झाडलोट तिच्याकडे होती.

भगीरथ तिच्यासमोर उभा राहिला आणि त्याने भिंग काढलं.

"नाव?"

"बाईजा."

"पूर्ण नाव."

"पूर्णच हाय."

"मंगळवारी रात्री तुम्ही कुठे होतात?"

"घरी."

"साक्षीदार आहे कुणी?"

बाईजाने विचार केला. "दोन शेळ्या हायेत."

"योगिनी, लिही. साक्षीदार दोन." मग तो खाली वाकला. "बंगल्यातलं पाणी चोरीला जाताना तुम्ही पाहिलंत का?"

"पाणी कोण चोरंल, सायब? पाणी येतं आणि जातं."

भगीरथ बाजूला झाला आणि योगिनीच्या कानात म्हणाला, "आध्यात्मिक आहे. हिचा उपयोग नाही. खोडून टाक."

योगिनीने खोडलं. शेळ्या मात्र तिने ठेवल्या.

पुढचे दोन तास भगीरथने स्टेथोस्कोप लावून भिंती तपासल्या. हॉलच्या पश्चिमेच्या भिंतीशी तो अचानक ताठ झाला.

"शांत. भिंतीत पाणी वाहतंय. घळघळ आवाज येतोय."

धाऊचा चेहरा पांढरा पडला. तो पुढे झाला आणि त्याने भिंतीला कान लावला. मग थोडा मागे येऊन त्याने भगीरथच्या शर्टाकडे कान नेला.

"सर, तुमी सकाळी काय खाल्लंत?"

"नाही खाल्लं अजून."

"मग तो आवाज हितनं येतोय."

पहिला सिद्धांत असा भुकेने गेला. बाईजाने चार काकड्या तोडून आणून दिल्या. भगीरथने तीन खाल्ल्या आणि चौथी अर्धी झाली असताना त्याचा हात थांबला.

"एवढ्या रसरशीत," तो हळूच म्हणाला. "पुढचं गवत मेलंय आणि मागची काकडी रसरशीत. योगिनी, याचा अर्थ तुझ्या लक्षात येतोय?"

योगिनीच्या मनात काहीतरी हललं. "मागच्या बाजूला पाणी जास्त..."

"नाही. जमिनीखाली धाऊचा पाइप फुटलाय. धाऊ, खण."

"सर, पाइप तिकडनं नायच. तो भिंतीकडनं..."

"खण."

धाऊने खणलं. कमरेइतका खड्डा झाला तेव्हा त्याच्या हाताला एक चप्पल, बांधकामाच्या वेळची एक थापी आणि कोणाचं तरी आधार कार्डाचं प्लॅस्टिकचं पाकीट लागलं. पाइप लागला नाही, कारण पाइप तिथे नव्हता. भगीरथने थापी आणि चप्पल पुरावा म्हणून पिशवीत टाकली आणि उरलेली अर्धी काकडी पुरावा म्हणून खाऊन टाकली.

तिसरा सिद्धांत त्याने गच्चीवर, रिकाम्या टाकीत डोकं घालून मांडला, त्यामुळे त्याला आपोआप भारदस्तपणा आला.

"धाऊ, तानसाचं पाणी कुठे जातं?" टाकी घुमली.

"मुंबईला."

"किती वर्षं?"

"आज्याच्या आधीपासनं."

"म्हणजे शंभरावर वर्षं या भागातल्या पाण्याला एकच वळण. मुंबई. आता हे पाणी तुझ्या टाकीत कोंडलंस. त्याला करमेल? रात्र झाली, सगळं शांत झालं, की ते ओढ घेणार. मुंबईकडे." त्याने डोकं बाहेर काढून क्षितिजाकडे बोट दाखवलं.

धाऊने त्या बोटाकडे पाहिलं. "सर, ते नाशिक हाय."

"ओढ कुठूनही जाते," भगीरथ म्हणाला, पण त्याने बोट खाली घेतलं.

योगिनी खाली मोरीच्या कठड्यावर बसून हे ऐकत होती. बाईजा तिच्या शेजारी येऊन टेकली.

"तो सायब काय शोधतोय गो?"

"पाणी, मावशी."

"पाण्याला शोधायचं नसतं. वाट बघायची असते," बाईजा म्हणाली आणि उठून खुरपायला गेली. योगिनीला हे वाक्य आवडलं. तिने ते वहीत लिहिलं, आणि सरांनी खोडायला सांगू नये म्हणून शेळ्यांच्या खाली लिहिलं.

दुपारी तीन वाजता भगीरथ बंगल्याच्या दारात उभा राहिला आणि त्याने शेवटची योजना जाहीर केली.

"पाणी घराबाहेर जायला एकच रस्ता आहे. गटाराची भोकं. सिंक, बेसिन, बाथरूमच्या जाळ्या. मी ती सगळी सील करणार. मग टाकी भरायची. उद्या सकाळी टाकी रिकामी आणि सील शाबूत, तर चोर. सील तुटलेलं, तर गळती. मी एकटा आत जाणार. पुराव्यावर दुसऱ्या कुणाचे ठसे नकोत."

तो चार रिळं घेऊन आत गेला. अर्ध्या तासाने बाहेर आला तेव्हा रिळं संपली होती. प्रत्येक जाळीवर आधी प्लॅस्टिकची पिशवी, वर चिकटपट्टीचे सहा-सात थर, आणि त्याच्यावर मार्करने त्याची सही होती. घाम पुसत तो म्हणाला की आतले बाराच्या बारा नळही त्याने तपासले. तेरावा, मागच्या मोरीवरचा, घराबाहेर असल्यामुळे त्याच्या तपासाच्या हद्दीत येत नव्हता.

"नळ बंद हायेत ना, सर?" धाऊने विचारलं.

"धाऊ, प्रत्येक नळ मी या हातांनी फिरवून पाहिलाय. एकातूनही पाणी येत नाही."

टाकी सकाळपासून रिकामीच होती, ही गोष्ट योगिनीच्या डोक्यात आली आणि लगेच गेली, कारण त्याच वेळी भगीरथचा पाय धाऊने खणलेल्या खड्ड्यात गेला आणि पुढची पंधरा मिनिटं त्याला वर काढण्यात गेली.

लाइट नव्हती. शुक्रवारी ती संध्याकाळपर्यंत नसतेच. धाऊने बोअरच्या मोटरचं बटण ऑटोवर टाकलं, म्हणजे लाइट आली की मोटर आपसूक चालू होणार आणि टाकी भरली की आपसूक बंद होणार. टाकी भरली की.

शनिवारी सकाळी दहाला तिघं पोचले तेव्हा अनिता मॅडमची गाडी आधीच आली होती. मॅडम दारात उभ्या होत्या. त्यांच्या पायात बूट होते, आणि बुटांत पाणी होतं.

आत हॉल होता असं म्हणायला हरकत नव्हती. चार बोटं पाणी भरलं होतं. सोफ्याचे पाय बुडाले होते, गालिच्याचा एक कोपरा वर येऊन श्वास घेतल्यासारखा हलत होता आणि टीव्हीचा रिमोट स्वयंपाकघराकडे संथपणे निघाला होता. बाहेर बोअरची मोटर अजून चालू होती.

"हे काय आहे?" मॅडमने विचारलं. आवाज चढलेला नव्हता. बँकेत कर्जवसुलीत वीस वर्षं काढलेल्या बाईला आवाज चढवावा लागत नाही.

भगीरथने पाण्याकडे पाहिलं. मग मॅडमकडे. मग त्याच्या चेहऱ्यावर चौदा महिन्यांत योगिनीने न पाहिलेला आनंद पसरला. ती तिथे आठच महिने होती, पण हा आनंद जुना होता हे कळत होतं.

"मॅडम, अभिनंदन," तो म्हणाला. "पाणी सापडलं."

"वेखंडे."

"आणि गुन्हेगारही सापडला. धाऊचे जोड. शेवटी दगा दिलाच त्यांनी. योगिनी, लिही. नुकसानीचं कारण, सदोष नळजोडणी. नुकसानीची तारीख, आज. सगळं मिळणार, मॅडम. गवत, गालिचा, रिमोट. बाजारात सांगा सगळ्यांना, कारागीर कवचाने दिलं म्हणून."

धाऊ मोटर बंद करून आला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरला. तो आतल्या खोलीत दिसेनासा झाला. मग नळ बंद केल्याचा आवाज आला. मग दुसरा. योगिनी दारात उभी राहून मोजत होती. सात, आठ, नऊ. बारावा आवाज झाला आणि धाऊ बाहेर आला. त्याच्या हातात चिकटपट्टीचा ओला जाड गोळा होता. त्याने तो मॅडमच्या हातात दिला.

मॅडमने गोळा उलगडला. वर सही होती. पाण्याने ती पुसली नव्हती, कारण मार्कर चांगल्या कंपनीचा होता.

"बाराच्या बारा नळ पूर्ण उघडे होते," धाऊ म्हणाला. "आणि सगळी भोकं बंद."

"मी त्यांना फिरवून पाहिलं होतं," भगीरथ म्हणाला.

"कोणत्या बाजूला?"

यावर भगीरथने डोळे मिटले. तेवढ्यात मागच्या दाराने बाईजा आली. तिच्या कमरेवर रिकामा हंडा होता आणि ती रागात होती.

"माझं पाणी कुणी वळवलं?" तिने विचारलं. "रातचं पाणी माझ्या नळाला येतं. आज सगळं हितं आत आलं आणि माझ्या हंड्यात थेंब नाय."

योगिनीने पेन बंद केलं.

"मावशी," ती म्हणाली, "रात्री येतं म्हणजे?"

"मोरीवरच्या नळाला गो. सांजला घरी जाताना मी नळ थोडा उघडते आणि हंडा खाली लावते. रातचं पाणी आलं की हंडा भरतो, वरचं वाहून वेलाला जातं. सकाळी येऊन बंद करते. दिवसाढवळ्या नळ उघडा बरा नाय दिसत."

"रोज?"

"रोज. रविवारी, सोमवारी चांगलं येतं. मग कमी कमी. बुधवारपासनं हंडा कोरडाच. आमच्या पाड्यावर तर तिसऱ्या दिवशी येतं. कधी पहाटं, कधी रातचं, त्याला टाइम नाय. नळ बंद ठेवला तर कळंल कसं आल्याचं? सगळ्यांचे नळ उघडेच असतात. भांड्यात वाजलं की उठायचं."

धाऊ मोरीच्या दिशेने बघत राहिला. त्याच्या घरचा नळही असाच उघडा असायचा. त्याची आई रात्री त्याच्याखाली पातेलं लावून झोपायची. बायकोही. तो स्वतःही. त्याने आयुष्यभर हेच पाहिलं होतं, आणि म्हणूनच, बंगल्याची सगळी लाइन उघडून पाहताना, मोरीवरच्या नळापाशी ठेवलेला हंडा त्याला दिसूनही दिसला नव्हता.

"मावशी, तो नळ टाकीचाच हाय," तो म्हणाला.

"टाकी मॅडमची. नळ माझा. मॅडमच बोलल्या, बाहेरचा नळ तुमच्यासाठी. आमच्यासाठी हाय म्हटल्यावर तो पाड्याच्याच लायनीवर असणार ना? आमाला टाकीचं कोण देतंय."

अनिता मॅडम पाण्यातून चालत बाईजाजवळ गेल्या.

"मावशी, त्या नळाला नेहमीच पाणी असतं. टाकी भरलेली असली की कधीही उघडा, येणार."

"कधी पण?"

"कधीपण."

"दुपारी?"

"दुपारीसुद्धा."

बाईजाने याच्यावर बराच विचार केला. "मग सोडतं कोण?" तिने विचारलं.

मॅडमनी तो प्रश्न तिथेच ठेवला, बूट काढले, अनवाणी स्वयंपाकघरात गेल्या आणि सिंकखालचं कपाट उघडलं. तळाशी पाणी साचलं होतं, पण त्यांना तळाशी काम नव्हतं. त्यांनी वरच्या पाइपाच्या जोडावर बोट फिरवलं. बोट कोरडं होतं. त्यांनी बेसिनखाली बघितलं, फ्लशच्या मागे बघितलं, गीझरच्या जोडाला टिश्यू पेपर गुंडाळून बघितला. धाऊ त्यांच्या मागे मागे पिशवी छातीशी धरून फिरत होता. त्याच्या परीक्षेचे पेपर त्याच्यासमोरच तपासले जात होते.

"रात्रभर बारा नळ सताड उघडे," मॅडम म्हणाल्या. "मोटर चालू. आणि किती जोड गळले?"

"एक पण नाय," धाऊ म्हणाला.

मॅडमने कोरड्या टिश्यू पेपरचा फोटो काढला आणि प्लॉटवाल्यांच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं: 'प्लंबर फायनल. टेस्टिंग झालंय.' मग धाऊकडे वळून म्हणाल्या, "उद्या मीटिंगला अकरा वाजता या. अकराही बंगल्यांची मापं घ्यायची आहेत. आणि प्रत्येक बंगल्याच्या बाहेरच्या नळाचं काय करायचं तेही तुम्हीच सुचवा."

धाऊने मान हलवली. मग तो खाली बसला आणि जाळ्यांवरची उरलेली चिकटपट्टी सोलायला लागला. एकेक जाळी मोकळी झाली तसं पाणी गुडगुडत खाली जायला लागलं.

"राहता राहिलं माझं नुकसान," मॅडम म्हणाल्या. "गवत सोडून द्या. ते माझ्याच बोलण्यामुळे गेलं. पण गालिचा, सोफा?"

"कारागीर कवच," भगीरथ तत्परतेने म्हणाला. तो एव्हाना फडकं आणि बादली घेऊन हॉलच्या मधोमध बसला होता. फडकं त्याच्या हातात बाईजाने दिलं होतं. "धाऊची पॉलिसी आहेच. योगिनी, वाच."

योगिनीने पॉलिसीचा कागद काढला. "पॉलिसीधारकाच्या अथवा त्याने कामावर ठेवलेल्या मदतनिसाच्या कामामुळे झालेलं नुकसान," तिने वाचलं.

"बास. मदतनीस. काल मी धाऊचा मदतनीस होतो, असं लिहू. काय धाऊ?"

धाऊने चिकटपट्टी सोलता सोलता वर पाहिलं. "सर, राग नका मानू," तो म्हणाला. "मी तुमाला कामावर ठेवलं नसतं."

पाणी जाळीतून जात राहिलं. रिमोट वाटेत एका खुर्चीच्या पायाला लागून थांबला.

"म्हणजे हे गुप्तहेराच्या कामामुळे झालेलं नुकसान आहे," योगिनी म्हणाली. "दुसऱ्याच्या घरी, धंद्याचं काम करताना. सर, तुमची स्वतःची पॉलिसी असेलच ना?"

भगीरथने फडकं बादलीत पिळलं. बराच वेळ पिळलं. त्यातलं पाणी संपलं तरी पिळत राहिला.

"सर?"

"मला," भगीरथ बादलीकडे बघत म्हणाला, "आजवर कुणी नीट समजावूनच सांगितलं नाही."

योगिनीने डायनिंगची एक खुर्ची ओढून त्याच्यासमोर मांडली, पाय वर घेऊन बसली आणि पिशवीतून कारागीर कवचाचा कोरा फॉर्म काढला. हे झाल्या नुकसानाला लागू होणार नव्हतं, ते गालिच्यासह भगीरथच्याच खिशातून जाणार होतं. पण माणूस अजून खूप तपास करणार होता.

"समजा, सर," ती म्हणाली, "तुम्ही कुणाच्या घरी कामाला गेलात आणि तुमच्या हातून काही बिघडलं..."

तिने सगळं सांगितलं, न अडखळता, आठ महिने रोज ऐकलेलं. मॅडमनी ऐकलं. बाईजाने हंडा खाली ठेवून ऐकलं. धाऊ तर मध्येमध्ये मान डोलवत होता. शेवटी तिने फॉर्म पुढे केला, सही करायच्या जागेवर बोट ठेवलं आणि पेन त्याच्या ओल्या हातात दिलं.

भगीरथने फॉर्म वरपासून खालपर्यंत वाचला. पाठीमागचं बारीक अक्षर भिंग लावून वाचलं. मग घडी नीट घालून खिशात ठेवली.

"चांगलं आहे," तो म्हणाला. "घरी विचारून सांगतो."